टपालाचा पहारा आणि घरचा पहारा

नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयाची ओळख नाशिककरांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. भारताचीं टपाल-तिकिटें पूर्वीं लंडनहून छापून येत. १९२६ सालापासून तीं येथें छापलीं जाऊं लागलीं. या एवढ्याशा कागदी चौकोनाचे उपयोग दोन आहेत. टपालखात्याला त्यापासून उत्पन्न होतें, हा एक. तो सर्वांच्या ध्यानांत येतो. दुसरा मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तिकिटाला पैसे पडतात आणि ते पाठविणाऱ्यास मोजावे लागतात. म्हणूनच कोणी मनुष्य एका रात्रींत दहा लाख अनोळखी घरांत पत्रें टाकीत नाहीं. तिकीट म्हणजे जसा हशील, तसाच तो एक बांधहि आहे. लोटूं पाहणारा पूर त्या बांधानें आपोआप अडून राहतो.

ई-मेलला असें तिकीट नाहीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें जाळ्यावरून एका संगणकाचें पत्र दुसऱ्या संगणकास धाडलें, आणि १९८२ सालीं जॉन पोस्टेल यानें या टपालाचे आजहि पायाभूत असलेले नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या काळीं या जाळ्यावर विद्यापीठें, संशोधनशाळा आणि सरकारी खातीं यांतीलच मंडळी होती. ओळखीच्या माणसांचें तें एक खेडेंच म्हणावयाचें. आणि खेड्यांत जसें दाराला कुलूप नसतें, तसें या नियमांत पाठविणाऱ्याच्या नांवाची शहानिशा करण्याचें कलमच नव्हतें. पाकिटाच्या पाठीवर कोणीहि कोणाचेंहि नांव घालावें आणि टपालवाल्यानें तें निमूटपणें पोंचवावें, अशी ही व्यवस्था होती. तिचा गैरफायदा तर हे नियम छापले जाण्यापूर्वींच घेतला गेला होता. ३ मे १९७८ रोजीं गॅरी थुएर्क नांवाच्या विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें जणांना एका दमांत धाडली. आज ज्याला स्पॅम म्हणतात, त्या नकोशा टपालाचा उगम येथें झाला. पुढें १९९७ सालीं अ‍ॅडम बॅक यानें ई-मेललाहि एक तऱ्हेचें तिकीट लावण्याची युक्ति सुचविली. पैशाऐवजीं पाठविणाऱ्याच्या संगणकानें दर पत्रामागें थोडी आंकडेमोड करावी. दहा-वीस पत्रें धाडणाऱ्यास ती जाणवणार नाहीं, पण लाखों पत्रें धाडणाऱ्याचें यंत्र त्या ओझ्याखालीं वांकून जाईल. युक्ति चतुर होती. परंतु ती सार्वत्रिक झाली नाहीं. बांध उगमाशीं घालतां आला नाहीं, तेव्हां ज्यानें त्यानें आपापल्या दारीं पहारा बसविणें प्राप्त झालें.

हा पहारा दोन ठिकाणीं बसतो. नाशिकच्या सराफ बाजारांतील सरकारवाडा, किंवा पेशवाईच्या वळणाचा कोणताहि थोरला वाडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें चटकन् उमगेल. दिंडी-दरवाजाच्या आंत देवडी असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणारे शिपाई तेथें बसत. कोठीची किल्ली मात्र देवडीवर ठेवीत नसत. ती माजघरांत, घरच्या विश्वासू माणसाच्या कमरेला असे. संगणकाच्या व्यवहारांत देवडीवरचा शिपाई म्हणजे ई-मेल गाळणारा सर्व्हर, आणि कोठीचा राखणदार म्हणजे अँटिव्हायरस. या दोघांपैकीं एकानें भागतें किंवा नाहीं, आणि दोघांनाहि ठेविलें तर ते आपसांत भांडूं नयेत म्हणून काय तजवीज करावी, हा प्रश्न आतां केवळ सातपूर-अंबडच्या कारखानदारांचा राहिलेला नाहीं. शाळेची कचेरी, वकिलाचें दप्तर, डॉक्टरांचें रुग्णालय, द्राक्षें परदेशीं धाडणाऱ्या बागाइतदाराची पेढी, या सर्वांचा पत्रव्यवहार आज ई-मेलनेंच चालतो.

प्रथम शत्रूची जात पाहूं जातां, संगणकाचा व्हायरस हा रोगजंतु नव्हे, तर मनुष्यानें लिहिलेला आज्ञांचा एक संच आहे. दुसऱ्या आज्ञासंचाला चिकटून तो आपल्या प्रती काढतो, म्हणून त्यास हें नांव पडलें. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं रचलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपी नांवाच्या चकतीवर बसून हातोहात जगभर गेला. चकतीच्या चालीनें जाणारा हा रोग सावकाश पसरे. मार्च १९९९ मध्यें आलेल्या ‘मेलिसा’नें मात्र वाहनच बदललें. ज्याच्या संगणकांत ती शिरे, त्याच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या पन्नास नांवांस ती त्याच्याच नांवानें पत्र धाडी. पुढल्याच वर्षीं, ४ मे २००० रोजीं, फिलिपाईन्समधून निघालेलें ‘प्रेमपत्र’ याहून भयंकर निघालें; तें वहींतल्या प्रत्येक पत्त्यावर गेलें आणि एकाच दिवसांत त्यानें अनेक देशांतील मोठमोठ्या कचेऱ्यांचें टपाल बंद पाडलें. यांतील मर्म असें कीं, पत्र अनोळखी माणसाचें नव्हतें. तें मित्राच्या, साहेबाच्या किंवा भावाच्या नांवानें आलें होतें, म्हणूनच तें उघडलें गेलें.

या रोगावरील औषध काढण्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनीं पुण्यांत गणकयंत्रें दुरुस्त करण्याच्या धंद्यापासून सुरुवात केली. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत वारंवार व्हायरस आढळत, तेव्हां त्यांचे बंधु संजय काटकर यांनीं ते काढून टाकणारे आज्ञासंच लिहिले. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हें अँटिव्हायरस जन्मास आलें. या कंपनीनें पुण्याबाहेर आपली पहिली शाखा चालू शतकाच्या आरंभीं काढली, ती नाशिक येथें.

आतां देवडीवरच्या शिपायाचें काम कसें चालतें, तें पाहावें. बाहेरचा एखादा सर्व्हर पत्र घेऊन येतो, तेव्हां गाळणी-सर्व्हर सर्वांत आधीं त्याचा पत्ता पाहतो. उपद्रवी सर्व्हरांच्या याद्या जगांत कांहीं संस्था सतत तयार ठेवितात. त्या यादींत पत्ता असला, तर पत्र हातांत न घेतांच त्याला दारावरून परत लावतां येतें. या तपासणीस जवळजवळ कांहींच खर्च नाहीं. त्यानंतर पाठविणाऱ्याच्या नांवाची खातरजमा होते. अमुक संस्थेच्या नांवानें पत्र धाडण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरांस आहे, हें त्या संस्थेनें जाहीर करून ठेवावें. पत्रावर तिची गुप्त गणिती मोहोर असावी. आणि मोहोर जुळली नाहीं तर पत्राचें काय करावें, हेंहि तिनेंच सांगून ठेवावें, अशी तिहेरी व्यवस्था २००६ ते २०१५ या काळांत हळूहळू उभी राहिली. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशीं तिचीं नांवें आहेत. १९८२ च्या नियमांत जें कलम राहून गेलें होतें, तें असें चोवीस वर्षांनीं भरून निघूं लागलें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं घाऊक पत्रें धाडणाऱ्यांवर हीं तिन्ही बंधनें सक्तीचीं केलीं आहेत.

तिसरी पायरी मजकुराची. २००१ सालीं निघालेलें ‘स्पॅमअसॅसिन’ हें आज्ञासंचांचें साधन पत्रांतील शेंकडों खुणा तपासून प्रत्येकीस गुण देतें, आणि बेरीज ठराविक आंकड्यावर गेली कीं पत्रास नकोसें ठरवितें. परीक्षकानें पेपर तपासावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें ज्यास अधिक गुण तो नापास. त्यास जोड म्हणून अठराव्या शतकांतील टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेचा सिद्धांत कामास लाविला जातो. कोणता शब्द चांगल्या पत्रांत किती वेळां आणि वाईट पत्रांत किती वेळां येतो, याची नोंद ठेवून गाळणी अनुभवानें शिकत जाते. द्राक्षांच्या पेढींत ‘कंटेनर’ हा शब्द चांगल्या पत्राची खूण ठरतो. शाळेच्या कचेरींत तोच संशयास्पद ठरूं शकतो. यासाठींच दुसऱ्याकडून तयार आणलेल्या गाळणीपेक्षां आपल्या टपालावर शिकविलेली गाळणी नेहमीं सरस ठरते.

सर्वांत शेवटीं पत्रासोबतच्या फाइली उघडून त्यांत व्हायरस आहे काय, हें पाहिलें जातें. हें काम गाळणी-सर्व्हर स्वतः करीत नाहीं. त्यासाठीं तो एक अँटिव्हायरस-इंजिन जवळ बाळगतो. २००२ सालीं पोलंडच्या तोमाश कोइम यानें सुरूं केलेलें ‘क्लॅमएव्ही’ हें विनामूल्य इंजिन या कामीं फार वापरलें जातें. ही तपासणी शेवटीं ठेवण्याचें कारण उघड आहे. गांठोडें सोडणें, आंतील पुडके एकेक करून उलगडणें, प्रत्येकाशीं लाखों व्हायरसांच्या खुणा ताडून पाहणें, हें सर्वांत वेळखाऊ काम होय. स्वस्त चाळणीनें आधीं कचरा काढावा आणि उरलेल्या धान्यालाच महागडी चाळणी लावावी, हा घरोघरच्या गृहिणींचा रिवाज येथेंहि उपयोगी पडतो. त्यांतहि एक मर्यादा घालावी लागते. ‘बेचाळीस’ या नांवाची एक कुप्रसिद्ध दाबून बांधलेली फाइल अवघी ४२ किलोबाइटांची आहे. पण ती पूर्णपणें उलगडूं गेल्यास तिचीं सुमारें ४५ लाख गिगाबाइट होतात. किती थरांपर्यंत आणि किती आकारापर्यंत उलगडावें, याला हद्द नसेल, तर असल्या एका पत्रानें सारी देवडी गुदमरून जाईल.

इतका चोख बंदोबस्त असतां घरांत वेगळा राखणदार कशाला, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर न्हावा-शेवा बंदरानें २७ जून २०१७ रोजीं दिलें. नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षें आणि कांदे परदेशीं जातात, ते बहुतांशीं याच बंदरांतून. त्या दिवशीं ‘नॉटपेट्या’ नांवाच्या व्हायरसानें मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक जगभर निकामी केले, आणि त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील एका धक्क्याचें काम ठप्प झालें; कंटेनरांची चढउतार हातानें नोंदी करून चालवावी लागली. मर्स्कला दहा दिवसांत सुमारें ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. नुकसानीचा आंकडा तिनें पंचवीस ते तीस कोटि डॉलर सांगितला. हा व्हायरस मुख्यतः ई-मेलमधून आला नव्हता. युक्रेनमधील करभरणीच्या कामीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या नेहमींच्या सुधारणेंत तो मिसळून दिला गेला होता. आणि एकदां आंत आल्यावर तो शेजारच्या संगणकांत आपोआप पसरत गेला. देवडीवरचा शिपाई कितीहि जागरूक असला, तरी परसदारानें आलेला मनुष्य त्यास कसा दिसणार?

परसदारें अनेक आहेत. कोणी पेन-ड्राइव्ह आणून जोडतो; कोणी संकेतस्थळावरून फाइल उतरवून घेतो; कोणी कचेरींतच बसून आपलें खासगी ई-मेल खातें उघडतो, ज्याचा कचेरीच्या गाळणीशीं कांहींच संबंध नसतो. शिवाय कांहीं पाहुणे दिंडी-दरवाजानेंच, पण बुरखा घेऊन येतात. पासवर्ड घालून बंद केलेली फाइल गाळणीस उघडतां येत नाहीं. पासवर्ड पत्रांत लिहिलेला असतो, तो वाचून वाचणारा ती उघडतो, आणि त्या क्षणीं तेथें हजर असतो तो केवळ घरचा राखणदार. कित्येक पत्रांत फाइल नसतेच. एक दुवा असतो. पत्र सकाळीं आलें तेव्हां त्या दुव्याच्या टोकास कांहींहि नसतें. दुपारीं तेथें विष ठेवलें जातें. सकाळच्या तपासणीस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

उलट, घरच्या राखणदारावरच सारा भार टाकावा, तर तेंहि योग्य नव्हे. शंभर संगणकांच्या कचेरींत दोन-चार संगणकांचें अँटिव्हायरस कालबाह्य झालेलें असतेंच. कोणी तें हळू चालतें म्हणून बंद करून ठेविलेलें असतें. विष दारावरच अडलें, तर या दुबळ्या कोठ्यांपर्यंत तें पोंचतच नाहीं. तात्पर्य, दोन्ही पहारे हवेत. शक्य तर देवडीवरचें इंजिन आणि घरांतलें अँटिव्हायरस हीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं असावीं. नव्या व्हायरसाची खूण एकीला आज कळते तर दुसरीला उद्यां, आणि एकीच्या नजरेंतून सुटलेलें दुसरीस सांपडण्याचा संभव असतो.

खरी कटकट उद्भवते ती हे दोघे पहारेकरी एकाच यंत्रावर बसविल्यानें. गाळणी-सर्व्हर हाहि शेवटीं एक संगणकच आहे. त्यालाहि रोग होऊं शकतो. म्हणून व्यवस्थापक त्यावर नेहमींचें अँटिव्हायरस चढवितो. यांत चूक कांहींच नाहीं. परंतु या अँटिव्हायरसाचा स्वभाव असा कीं, कोणतीहि फाइल लिहिली वा उघडली गेली कीं तें तत्क्षणीं मध्यें पडतें, फाइल आपल्या हातीं घेतें, आणि दोष दिसल्यास ती उचलून दूर ठेवितें किंवा नाहींशी करतें. आणि गाळणीचें कामच मुळीं फाइलींचें आहे. येणारें प्रत्येक पत्र रांगेच्या फोल्डरांत फाइल म्हणून लिहिलें जातें. त्यांतील जोडपत्रें तात्पुरत्या फोल्डरांत उलगडून ठेवलीं जातात. तीं तेथें उलगडलीं जातांच अँटिव्हायरस झडप घालतें. गाळणीचें इंजिन तपासावयास येतें, तों जागा रिकामी! आतां गाळणीनें काय समजावें? ती नीट रचलेली असेल, तर तपास अपुरा राहिला म्हणून पत्र पुन्हां रांगेंत लावील. तेथें पुन्हां तेंच घडेल, आणि रांग वाढत जाऊन चांगल्या पत्रांचीहि वाट अडेल. ती ढिसाळ रचलेली असेल, तर दोष सांपडला नाहीं, सबब पत्र निर्दोष, असा उफराटा निकाल देईल. कधीं रांगेंतली मूळ फाइलच नाहींशी होते. मग तें पत्र ना पोंचतें, ना परत जातें, ना नोंदवहींत त्याचा मागमूस राहतो. पाठविणाऱ्यास वाटतें, पोंचलें. घेणाऱ्यास वाटतें, आलेंच नाहीं. व्यापारांत असल्या एका हरवलेल्या पत्रापायीं वर्षानुवर्षांचा संबंध तुटूं शकतो.

याहून मोठा अनर्थ साठवणीच्या फाइलींत होतो. कांहीं व्यवस्थांत एका मनुष्याचीं सर्व पत्रें एकाच लांबलचक फाइलींत, एकाखालीं एक, लिहिलेलीं असतात. त्यांतील एका जुन्या पत्रांत दोष सांपडला कीं भोळें अँटिव्हायरस ती संपूर्ण फाइलच कोंडून टाकतें. एका आंब्याला डाग पडला म्हणून आढीच जाळावी, तसला हा प्रकार होय.

यावरील उपाय सोपा आहे, पण तो विचारपूर्वक करावा लागतो. गाळणीच्या रांगेचें फोल्डर, उलगडण्याचें तात्पुरतें फोल्डर आणि पत्रांच्या साठवणीचें फोल्डर हीं अँटिव्हायरसाच्या तात्काळ तपासणींतून वगळावीं. बाकी सर्व यंत्रावर त्याचा अंमल कायम ठेवावा. वगळलेल्या भागाची काळजी गाळणीचें स्वतःचें इंजिन घेतेंच. साठवणीची वेगळी तपासणी करावयाची असल्यास ती रात्रीच्या वेळीं, केवळ दोष कळवावा, हात लावूं नये, अशा हुकुमानें करावी. मात्र वगळण्याची यादी जितकी आंखूड तितकी बरी. घाईंत सबंध चकतीच वगळून टाकणारे महाभाग असतात. ते राखणदाराला पगार देऊन झोंपावयास सांगतात, असेंच म्हणावें लागेल. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या एक्स्चेंज या टपाल-सर्व्हरासाठीं अशी यादी प्रसिद्ध करीत असे. चोरट्यांनीं वगळलेल्या जागींच दडून बसण्याचा प्रघात पाडला, तेव्हां फेब्रुवारी २०२३ मध्यें तिनें स्वतःच्या यादींतील कांहीं नोंदी काढून टाकण्याचा सल्ला दिला. एकदां केलेली यादी वेदवाक्य मानूं नये, असा त्याचा बोध.

त्याचप्रमाणें एकाच यंत्रावर तात्काळ तपासणी करणारीं दोन अँटिव्हायरसें ठेवूं नयेत. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. एकानें उघडलेली फाइल दुसरें संशयानें पकडतें, एकाची खुणांची पोथी दुसऱ्यास व्हायरसच भासते, आणि यंत्र बैलगाडीच्या गतीनें चालूं लागतें. घरगुती विंडोजमध्यें दुसरें अँटिव्हायरस चढविलें कीं मूळचें आपण होऊन मागें सरतें. सर्व्हरच्या विंडोजमध्यें ही तजवीज व्यवस्थापकास जातीनें पाहावी लागते. गाळणीच्या हाताखालचें इंजिन मात्र या नियमांत येत नाहीं, कारण तें बोलावल्याशिवाय येत नाहीं. हातीं दिलेली फाइल तपासून तें आपलें मत सांगतें आणि स्वस्थ बसतें.

दुसरा प्रश्न असा कीं, इंजिनच बंद पडलें तर टपालाचें काय करावें? कांहींजण पत्रें न तपासतांच आंत सोडण्याची सोय करून ठेवितात, कारण टपाल खोळंबलेलें वरिष्ठांना खपत नाहीं. हें सर्वांत धोक्याचें. १९८२ च्या नियमकर्त्यांनीं येथें एक सुंदर सोय करून ठेविली आहे. सर्व्हरला ‘आतां नाहीं, थोड्या वेळानें या’ असें उत्तर देतां येतें, आणि धाडणारा प्रामाणिक सर्व्हर पत्र आपल्याजवळ ठेवून चार-पांच दिवसपर्यंत पुनःपुन्हां येत राहतो. इंजिन दुरुस्त होईपर्यंत हेंच उत्तर द्यावें. पत्र हरवत नाहीं, आणि विषहि आंत येत नाहीं. जें पत्र स्पष्टपणें सदोष ठरलें, तें दारावरच, संभाषण चालूं असतांनाच नाकारावें. एकदां ‘घेतलें’ म्हणून मग मागाहून परत धाडूं नये. कारण पाकिटावरचें नांव बहुधा खोटें असतें, आणि परतीचें पत्र भलत्याच निरपराध गृहस्थाच्या दारांत जाऊन पडतें. संशयित पत्रें वेगळ्या कोठडींत ठेवावीं आणि रोज कोणी जबाबदार मनुष्यानें तीं चाळावीं. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा दोष कोणत्याहि गाळणीस चुकलेला नाहीं.

कधीं कधीं कुंपणच शेत खातें, याचेहि दाखले आहेत. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकाफी या कंपनीच्या नव्या खुणांनीं विंडोजच्या एका अत्यावश्यक फाइलीलाच व्हायरस ठरविलें आणि असंख्य संगणक पुनःपुन्हां बंद पडून सुरूं होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष सुधारणेनें सुमारें ८५ लाख संगणक एकाच दिवशीं मूर्च्छित केले. भारतांतहि कांहीं विमानतळांवर प्रवाशांचे पास हातानें लिहून द्यावे लागले. यासाठीं मोठ्या कचेरींत नवी सुधारणा आधीं थोड्या यंत्रांवर लावावी, आणि मग सर्वांवर. व्हायरसांच्या नव्या खुणा मात्र रोज, नव्हे दिवसांतून अनेकदां, घेतल्या पाहिजेत. त्यांवांचून राखणदार आंधळाच. सारी व्यवस्था खरोखर जागी आहे काय, हें पाहण्यास खरें विष लागत नाहीं. ‘आयकार’ नांवाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ या कामासाठींच सर्व अँटिव्हायरसांनीं व्हायरस म्हणून ओळखावी, असा संकेत ठरला आहे. ती पत्रास जोडून बाहेरून धाडावी. देवडीवर अडली तर ठीक. मग तीच घरच्या संगणकावर लिहून पाहावी. दोन्ही जागीं ओरड झाली, तर पहारा जागा आहे असें समजावें.

एवढें करूनहि एक पत्र असें उरतें कीं, त्यास कोणतेंच यंत्र अडवीत नाहीं. समजा, नाशिकच्या एका द्राक्ष-व्यापाऱ्याचा माल रॉटरडॅमला पोंचला आहे. तिकडच्या ग्राहकास त्याच्याच नांवानें पत्र जातें कीं, आमचें बँकेचें खातें बदललें आहे, पैसे नव्या खात्यांत भरावे. पत्रांत व्हायरस नाहीं, फाइल नाहीं, दुवा नाहीं. सभ्य व्यापारी भाषा आहे, बिलाचा क्रमांकहि बरोबर आहे, कारण भामट्यानें महिनाभर आधींचा पत्रव्यवहार चोरून वाचलेला आहे. येथें देवडी आणि कोठी दोन्ही निरुपाय. हंगामभर उन्हांत राबून पिकविलेल्या द्राक्षांचे पैसे एका सभ्य पत्रानें परक्याच्या खिशांत जातात. याला उपाय एकच: खातें बदलल्याचें पत्र आलें कीं, पत्रांतील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहींतील जुन्या क्रमांकावर दूरध्वनि करून प्रत्यक्ष माणसाच्या आवाजांत खात्री करून घ्यावी. आणि फसगत झालीच, तर आपल्या देशांत १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतांना पहिल्या कांहीं तासांतच तो अडण्याचा संभव अधिक असतो.

गाळणी, अँटिव्हायरस आणि मनुष्य अशी ही तीन पहाऱ्यांची रचना आहे. पहिल्या दोघांच्या हद्दी नीट आंखून दिल्या म्हणजे ते एकमेकांच्या पायांत पाय घालीत नाहींत. गाळणीनें पत्रें पाहावीं, अँटिव्हायरसानें यंत्र राखावें, दोघांच्या खुणा ताज्या ठेवाव्या आणि महिन्यांतून एकदां त्यांची परीक्षा घ्यावी. इतकें झालें कीं शंभर संकटांपैकीं बहुतेक दाराबाहेर राहतात. जें एखादें आंत येतें, तें घाई, भीति किंवा लोभ यांच्यापैकीं कोणाचा तरी हात धरून येतें. तेथें मात्र पत्र वाचणाऱ्यानें उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थांबणें, एवढाच पहारा उरतो.